धवल्यातली भावाची हाक

किहीम, भाऊबीज, १९३२

दादूस,

तू जिवंत आहेस ही बातमी पक्की झाली. आधी चांगदेव तांडेलानं सांगितली, मग सिनेमाच्या तंबूतल्या अनंतानं, आणि काल मी स्वतः जाऊन पाहिलं.

चांगदेव मचव्यानं नारळ पोचवून मुंबईहून परतताना अलिबागला उतरला होता. तिथे दिवाळीसाठी फिरता सिनेमा आला आहे, अमेरिकेचं चित्र. दुसऱ्या दिवशी तो आपल्या बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गोदू, तुजा भाऊ एका राणीला वारा घालतोय." मला वाटलं, ऊन लागलं ह्याला.

तंबूचं यंत्र चालवतो तो अनंता तुला आठवत असेल. आपल्या चित्रांच्या कंपनीत उन्हाचा उजेड तोंडावर पाडायला चकचकीत पत्रे धरायचा. तोही म्हणाला की तूच आहेस, आणि मला बायकांच्या बाजूला पुढे बसवलं. चित्र बोलपट आहे म्हणे. पण तंबूत बोलायचं यंत्र नाही, त्यामुळे सगळे आपल्या वेळेसारखे नुसते ओठ हलवत होते. राणीच्या मागे पंखा घेऊन दोघे उभे होते, त्यातला डावीकडचा तू. दाढी चिकटवलेली, फेटा असा बांधलेला की हसूच यावं. चेहऱ्यावरून मी ओळखलं नसतं. मग राणी वळून तुला काहीतरी म्हणाली आणि तू तिच्या डोळ्यांकडे न बघता कानाच्या पाळीकडे बघितलंस. माझ्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

पुन्हा कुठे दिसशील म्हणून शेवटपर्यंत बसले. दिसला नाहीस.

आईनं विचारलं, कसा दिसतो. मी सांगितलं, अंगानं भरला आहे. तिला आणायचं होतं, पण अलिबागचा रस्ता तिला आता जमत नाही. बाकी ती बरी आहे.

चित्राच्या डब्यावर कंपनीचं नाव होतं. पोस्टमास्तरांनी ते इंग्रजीत लिहून दिलं आणि खाली लिहिलं, 'राणीमागे पंखा घेऊन उभा राहणारा दिनानाथ, किहीमचा'. म्हणाले, हॉलीवुडात असा एकच असेल.

आज चंद्राला ओवाळलं, दर वर्षीसारखं. दुजेची कोर आपल्याकडे थांबते कुठे. सूर्यामागोमाग समुद्रात जाते. तबक घेऊन पुळणीवर धावावं लागतं, आणि वारा निरांजन विझवतो. आज चांगदेवानं आपली टोपी वाऱ्याला आड धरली.

तुझी गोदू

किहीम, संक्रांतीनंतर, १९३३

दादूस,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून पुन्हा लिहिते.

आई हल्ली सगळ्यांना सांगते की मुंबईच्या कंपनीनं माझ्या पोरांना फसवून नेलं. रोज सांगून तिला ते खरं वाटायला लागलं आहे. तू तिकडे एकटा, तुलाही काही वेगळंच आठवायला लागायच्या आत मी लिहून ठेवते.

फसवलं कुणी नाही. ते चाच्यांच्या लढाईचं चित्र घ्यायला आपल्या पुळणीवर आले होते. त्यांचा नायक लाटांना घाबरून होडीत चढेना. तू त्याला खांद्यावर टाकून चढवलास. संध्याकाळपर्यंत दिग्दर्शकानं नायकाला घरी पाठवलं आणि त्याचा पोशाख तुझ्या अंगावर चढवला. मग त्यांना माडाखाली झाप विणणारी मी दिसले. ते आईकडे आले. बाबा नव्हते, आईनं एकटीनं ठरवायचं होतं. तिनं उंबऱ्यात बसून सांगितलं, "परक्या पुरुषाचा हात माज्या पोरीला लागता कामा न्हाय. धरायचाच तर तिचा भाऊ धरील."

दिग्दर्शक हसला. मग त्यानं तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसायचा थांबला. तुझं नाव प्रतापराव केलं आणि माझं मिस केतकी. भावंडं आहोत हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, एवढीच त्यांची अट. गावात आपण सांगितलं की एकाच चित्रात कामं करतो. काय कामं ते आईनं विचारलं नाही, आणि आपण सांगितलं नाही. तिच्याच अटीनं आपण नायक-नायिका झालो, हे तिला मुरूडच्या प्रकरणानंतर कळलं.

दिग्दर्शक भोंग्यातून ओरडायचा, प्रेमानं बघा. मला रडू यायचं. तू म्हणालास, "कानाच्या पाळीकडं बघ. पाळीची कसली लाज?" तेव्हापासून तू माझ्या पाळीकडे आणि मी तुझ्या. मुंबईच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं की या जोडीची लज्जा खानदानी आहे. आणि माडीवरच्या त्या दृश्यात तू माझा हात धरून कुजबुजत होतास आणि सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं, तेव्हा तू काय म्हणत होतास? "आज कोलंबीचं कालवण हाय, लवकर आटप."

मुक्या चित्रांचं हे एक बरं होतं.

कंपनीत आपल्या चित्रांच्या पाट्या रंगवणाऱ्या मास्तरांनी शिकवलेली अक्षरं अजून वळणदार येतात की नाही, कळव.

गोदू

किहीम, नारळी पौर्णिमेच्या आधी, १९३३

दादूस,

तुझं कार्ड आलं. पुढे ताडांच्या रस्त्याचं चित्र, मागे दोन ओळी. 'माझी बहीण त्या दिवशी देवळापुढे मेली. पत्र पाठवू नये.' आणि त्याखाली तुझा संपूर्ण पत्ता, घराच्या क्रमांकासकट.

पत्र नको असलेला माणूस घराचा क्रमांक लिहीत नाही. म्हणून लिहिते.

निकालाच्या दिवशी तू पंचांपुढे उभा राहून ओरडत होतास. मी बसलेली होते, त्यामुळे मला जास्त ऐकू आलं. मी ऐकलं ते एकदा लिहून टाकते, मग हा विषय माझ्याकडून निघणार नाही.

मुरूडचं ते चित्रातलं लग्न आपल्यासाठी इतर दिवसांसारखाच एक दिवस होता. भटजी कंपनीतला. मंत्रांच्या जागी तो भाज्यांची नावं घेत होता, आणि अंतरपाटाआडून तू मला हसवत होतास. दिग्दर्शकाला मांडवात खऱ्या बाया हव्या होत्या म्हणून डोंगराकडच्या गावांतून गाडीभर आणल्या. त्यांत चंद्राबाई होती. ती धवलारीण आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. आपल्या लोकांत भट नसला तरी भागतं, पण धवलारणीनं लग्नाचं गाणं, धवला, गायल्यावाचून लग्न लागत नाही, हे मुंबईकरांना काय ठाऊक. आपण नवरानवरी भावंडं आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. तिला सांगितलं, खऱ्या लग्नासारखं करा. तिनं केलं. मांडव पाहिला, हळद पाहिली, आणि डोळे मिटून गायला लागली. ती नेहमीच डोळे मिटून गाते.

धवल्यात ज्याचं काम येईल त्याला हाक येते. मामाला येते, करवलीला येते, आणि लाह्यांच्या वेळी नवरीच्या भावाला येते. ती हाक आली. तू बाशिंग बांधलेला नवरा, आणि तू उठलास, सूप घेतलंस आणि माझ्या ओंजळीत लाह्या घातल्यास. लहानपणापासून कान तयार असतात ना. दिग्दर्शकानं भोंगा आपटला. पण ऊन उतरलं होतं, फीत संपत आली होती. म्हणाला, राहू दे, कोण बघतंय.

पुढच्या फाल्गुनात भागोजीच्या मुलीचं लग्न होतं. गावकीचा म्होरक्या म्हणून त्याला मोठी धवलारीण हवी होती, म्हणून त्यानं मुरूडकडून चंद्राबाईला बोलावलं. तिनं मला मांडवात पाहिलं आणि जवळ ओढलं. "अगं, गळा मोकळा का तुजा? मुरूडला तुजं लगीन मीच लावलं की." बाया हसल्या. मीही हसले. तेवढ्यात तू केळीचे खांब खांद्यावर घेऊन आत आलास, आणि ती म्हणाली, "ह्यो काय, नवरा आला."

हसणं थांबलं ते मला अजून ऐकू येतं.

पंचांपुढे तू लाह्यांचं सांगितलंस. चंद्राबाई खोटं बोलली नाही, दादूस. तिनं विचार केला आणि म्हणाली, "लाह्यांना भाऊच पुढं आला असंल. नवरा कसा येईल? असंल दुसरा कोन भाऊ." आणि मग ते वाक्य, "गायलेला धवला परत घेता येत न्हाय." तिच्या आईपासून, आजीपासून चालत आलेलं वाक्य. भागोजीनं निकाल दिला. दोघांनी देवळापुढे नाक घासून लग्नाचं पाप कबूल करायचं, नाहीतर घराला वाळीत टाकायचं. तू चालता झालास.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी आईला ताप भरला. विहीर बंद, शेजार बंद. मी चंद्राबाईचं ऐकून गेले नाही, भागोजीला भिऊनही गेले नाही. घरात आजारी माणूस होतं आणि पाणी नव्हतं, म्हणून गेले. तुला ते मुंबईत कुणाकडून कळलं असेल, आणि तू समजतोस की नाक घासलं म्हणजे लग्न कबूल केलं. दगड होता तो. नाक माझं होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घाशीन, आणि घरी येऊन आईला पाणी पाजीन.

आता विहीर उघडी आहे. मी मात्र ना कुमारी ना सवाष्ण. हळदीला मला बोलावत नाहीत. आणि तुला वेशीच्या आत घ्यायचं नाही, असं ठरलेलं आहे.

पाऊस पडतो आहे. मचवे वर ओढलेत. चांगदेव रोज येऊन आमचं छप्पर बघतो, जसं काही ते उडून जाणार आहे.

गोदू

किहीम, होळीचा दुसरा दिवस, १९३४

दादूस,

चार पानं. आईला तीनदा वाचून दाखवली. 'इकडे मासे गोड लागतात' या ओळीला ती प्रत्येक वेळी म्हणते, बिचारा.

सुके बोंबील पार्सलनं पाठवता येतील का, हे विचारायला पोस्टात गेले होते. पोस्टमास्तर म्हणाले, बाई, ही आगबोट अमेरिकेपर्यंत माणसांना घेऊन जायची आहे. तेव्हा ते राहिलं.

तू तिकडच्या भावंडांबद्दल लिहिलंस ते मी सावकाश वाचलं. दोघी बहिणी एकाच चित्रात, भावाबहिणीची नाचाची जोडी, आडनाव एकच आणि पाटीवर मोठ्या अक्षरात. भावंडं आहेत हीच जाहिरात. लोक टाळ्या वाजवतात. तू लिहितोस, आपण तिथे जन्मलो असतो तर आपलं खरं नाव लावून उभे राहिलो असतो. मी थोडा वेळ तसं मनात बघितलं. 'दिनानाथ आणि गोदू, किहीम'. बरं दिसतं.

पण त्यांच्यात कुठल्या भावाला बहिणीचा नवरा करतात का, ते तू लिहिलं नाहीस. नसतील करत. त्यांच्या आयांनी अटी घातल्या नसतील.

तुला बोलायला वाक्य मिळालं याचा आनंद झाला. 'होय, राणीसाहेब.' आई म्हणते, बरं झालं, घरात कधी कुणाला होय म्हणाला नाही.

तुझा आवाज तिकडच्या तंबूंत लोक ऐकतात. आम्ही चार वर्षांत ऐकला नाही.

तू चिडवतोस की पत्रात चांगदेवाचं नाव नारळापेक्षा जास्त वेळा येतं. किहीमला माणसं किती, त्यात मचवा असणारी किती. येणारच. ह्यापुढे त्याला तांडेल लिहीन.

एक गोष्ट मागच्या पत्रांत लिहिली नाही. आईला आता कंदील कुठे आहे तेवढंच कळतं. तंबूत नेऊनही तिला तू दिसला नसतास. ती अंगण झाडते, चूल पेटवते, कुणाला कळत नाही. पण संध्याकाळी रस्त्यावर पावलं वाजली की विचारते, कोण ते. चांगदेव असला की म्हणते, व्हय, येऊ दे. पण तिनं त्यासाठी विचारलेलं नसतं.

आपल्या मुरूडच्या चित्राची फीत कुठे आहे, तुला काही ठाऊक आहे का? तू म्हणशील, कंपनी बुडाली, फिती धुवून चांदी काढली, आणि पुरावा कुणाला हवा आहे. मला हवा आहे. अनंता म्हणतो, एक प्रत एका तंबूवाल्यानं रत्नागिरीकडे नेली होती. तो शोध घेतो आहे.

गोदू

किहीम, वैशाख, १९३५

दादूस,

बसून वाच.

अनंताला फीत सापडली. तंबूवाला रत्नागिरीहून वर येत होता. मुरूडला त्याचा मुक्काम पडला तेव्हा अनंतानं निरोप पाठवला. तांडेलानं मचवा काढला. मी भागोजीकडे जाऊन सांगितलं की तुम्ही येऊन डोळ्यांनी बघा. तो म्हणाला, गावकीचा निकाल झालेला आहे. चांगदेव मागून म्हणाला, "काका, लढाई बी हाय चित्रात. घोडे हायेत." भागोजी कोट घालून बंदरावर आमच्या आधी हजर.

चंद्राबाईच्या गावी मी स्वतः गेले. चढाचा रस्ता आहे. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. म्हातारी झाली आहे. मला वाटलं होतं, हाकलून देईल. तिनं पाट दिला, ताक दिलं. म्हणाली, "मी गायले ते गायले. पोरी, तुजं वाईट व्हावं म्हनून न्हाय गायले." मी म्हटलं, ते मला माहीत आहे, फक्त या आणि स्वतःला गाताना बघा. यावर मात्र ती उठली. तिनं सिनेमा कधी पाहिला नव्हता, आणि आपण त्यात आहोत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवस कलला आणि खेळ सुरू झाला. फीत इतकी झिजली आहे की आपल्यावर सारखा पाऊस पडतो. तरी आपण होतो. मी तुला डोळे भरून पाहिलं, पाळीकडे नाही. किती पोरसवदा होतास. भागोजी घोड्यांना शाबासकी देत होता.

मग लग्न आलं. चंद्राबाई पडद्यावर डोळे मिटून गात होती, आणि इकडे माझ्या शेजारी उघड्या डोळ्यांनी स्वतःचे ओठ वाचत होती. हळूहळू तिनं बरोबर म्हणायला सुरुवात केली. तंबूत आवाज नव्हता, तो तिनं दिला. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, गप्प बसा, आणि दुसरं कुणीतरी त्यालाच म्हणालं, तू गप बस. मामाला हाक, करवलीला हाक. मग भावाची हाक तिच्या तोंडून निघाली, आणि पडद्यावर बाशिंगवाला उठला, त्यानं सूप घेतलं आणि माझ्या ओंजळीत लाह्या घातल्या.

ती मधेच थांबली. तिला धवला मधे तोडताना कुणी ऐकलं नसेल. माझं मनगट धरून म्हणाली, "परत दाव म्हणावं."

फीत थांबवली तर दिव्यानं जळते. अनंतानं खेळ संपल्यावर तो डबा पुन्हा लावला. लोक उठून जायला निघाले होते, ते परत बसले. दुसऱ्यांदा लाह्या पडल्या तेव्हा चंद्राबाई उठून उभी राहिली आणि बायकांच्या बाजूच्या आडपडद्यावरून भागोजीला हाक मारली.

"भागोजी, मी डोळं मिटून गायले, म्हनून मना दिसलं न्हाय. लाह्या देतो तो भाऊ. माज्या हाकेला जो उठला तो भाऊच उठला. लाह्या भावानं दिल्या, आनि नवऱ्याच्या जागी कुनी न्हवतंच. हे लगीन लागलंच न्हाय."

भागोजी म्हणाला, गायलेला धवला परत घेता येत नाही, हे तुमचंच.

"परत कुटं घेते? भावाची हाक भावाला लागली. धवला खरा ठरला."

भागोजी बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. पडदा नुसता पांढरा होता. मग म्हणाला, निकालाआधीच हे चित्र आणलं असतंत तर बरं, घोडे छान होते.

परतताना मचव्यात मी पुढे बसले होते. रडले नाही, वारा होता.

गोदू

किहीम, आषाढ, १९३५

दादूस,

थोडक्यात लिहिते. गावकी बसली. भागोजीनं स्वतः तंबूत पाहिलेलं सांगितलं, लढाईसकट. तुझ्यावरची वेशीची बंदी उठली. मी घासलेलं नाक परत करता येत नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ते माझ्याजवळच आहे.

चांगदेवानं आईकडे मला मागितलं. तू लिहिलं होतंस ते खरं होतं, बस. आई म्हणाली, "हात धरायचा तर आता धर बाबा, मी अटी घालून थकले." लग्न तुळशीच्या लग्नानंतर.

चंद्राबाई येणार आहे. ती म्हणाली की चुलतभाऊ, मानलेला भाऊ, काही चालणार नाही. ज्यानं त्या दिवशी लाह्या दिल्या त्यानंच द्यायच्या, म्हणजे सगळ्या गावाला दिसेल. धवला त्याच्यासाठी थांबेल.

मी तुला ये म्हणणार नव्हते. तू वाक्य बोलायला लागला आहेस, पुढे आणखी मिळतील. दाढीशिवाय उभं करतील. पण आई संध्याकाळी पावलं ऐकते, आणि मला तिला दर वेळी दुसऱ्याच कुणाचं नाव सांगावं लागतं. तुला तिथे काय सोडावं लागेल ते मी विचारत नाही. तू तोलून बघ.

मी देवळापुढे जे केलं ते तुला अजूनही डाचत असेल तर डाचू दे. राग घेऊन ये. रागावलेल्या भावाच्या हातच्या लाह्याही लाह्याच.

गोदू

किहीम, तुळशीचं लग्न, १९३५

दादूस,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. चांगदेव आज मचवा घेऊन मुंबईला निघाला आहे. तुझी बोट उद्या गोदीला लागेल, असं मागच्या खेपेला तिथल्या कचेरीत त्याला सांगितलं. तो हे तुझ्या हातात देईल.

तुझ्या शेवटच्या कार्डावर एवढंच होतं, खलाशाचं काम मिळालं आहे, बोट मुंबईला जाते. 'येतो' असं लिहिलं नव्हतंस. मुंबईपर्यंत येणं आणि किहीमला येणं यात खाडी आहे, हे मला कळतं. मुंबईला आता बोलपट निघतात. तुझ्यासारखा हॉलीवुडात काम केलेला माणूस त्यांना हवाच असेल. तू तिथेच उतरलास तर चांगदेव काही बोलणार नाही. मी त्याला तसं सांगितलं आहे. नारळ उतरवून तो परत येईल.

त्याला ओळखशील. टोपी वाऱ्यावर आडवी धरायची सवय आहे. कान पिळशील तेव्हा उजवा पीळ, डावा दुखरा आहे.

यंदा भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं नाही. तबक झाकून ठेवलं आहे. आईनं विचारलं, कोर दिसली का. मी म्हटलं, दिसली. ती म्हणाली, मग? मी म्हटलं, यंदा थांबू.

मांडव घातला आहे. लाह्या आईनं स्वतः भाजल्या, नुसत्या आवाजावर. एकही करपली नाही. सूप खांबाला टांगलं आहे, डाव्या बाजूला, तुझ्या उंचीवर.

परवा दुपारी भरतीला मचवा किहीमला लागेल. संध्याकाळी लग्न. चंद्राबाई काल येऊन पडवीत उतरली आहे. मी तिला विचारलं, भावाची हाक आली आणि कुणी उठलं नाही तर काय. ती म्हणाली, पुन्हा हाक मारीन, आवाज आहे तोवर मारीन. आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून गाईन.

गोदू